एकानं धरायचं, एकानं कापायचं

मामंजींना पक्षाघात झाला तेव्हा मी बोईसरच्या आमच्या दोन खोल्यांत पाळणाघर चालवत होते. मामंजी म्हणजे माझे सासरे. पालघरला स्टेशनजवळ त्यांचं शिंप्याचं दुकान होतं आणि सासूबाई गेल्यापासून ते तिथेच मागच्या खोलीत एकटे राहायचे. दवाखान्यातून आम्ही त्यांना थेट आमच्याकडे आणलं. उजवा हात निकामी झाला होता. पाय ओढत का होईना, ते चालायचे. जीभ जड झाल्यामुळे बोलणं चटकन समजायचं नाही, म्हणून मग त्यांनी बोलणंच सोडलं. नवरा कारखान्यात पाळीला गेला की घरात मी, मुलं आणि खिडकीजवळच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले मामंजी.

मुलं फार नव्हती, पण एकाच्या वयाला दुसऱ्याचं वय लागत नव्हतं. एक जेमतेम रांगणारं, एक नुकता चालायला लागलेला गुटगुटीत मुलगा, दोन-तीन मधल्या वयाची, आणि सकाळची शाळा सुटली की येणारी आठ वर्षांची एक मुलगी. ती त्या गुटगुटीत मुलाची बहीण. त्यांची आई शाळेत शिक्षिका होती.

दुपारी झोपून उठल्यावर या सगळ्यांच्या हाताला काहीतरी काम द्यावं लागायचं, नाहीतर ती एकमेकांना चावायची. पण मोठीनं अर्धा तास खपून कागदाचा मोर करावा आणि धाकट्यानं तो तोंडात घालावा, हे रोजचं. शेवटी मी एकाच कामाचे वाटे करायला शिकले. सगळ्यात लहान असतील त्यांनी कागद फाडायचे. त्याहून मोठ्यांनी खळ चोपडायची, त्यांच्याहून मोठ्यांनी चिकटवायचं, आणि कात्री फक्त मोठ्यांच्या हातात. खळीत मोरचूद घातला की ती टिकते, पण ते विषारी, आणि माझी पोरं बोटं चाटायची. म्हणून मी रोज कणकेची ताजी खळ शिजवायचे, आणि त्यातली निम्मी पोटात जायची.

मधल्या वयाच्या मुलांत चार वर्षांची एक मुलगी होती. तिची आई किनाऱ्यावरच्या गावातून बोईसरच्या बाजारात मासळी विकायला यायची आणि आधी तिला माझ्याकडे सोडायची. ही मुलगी कशालाच बिचकायची नाही. "मी मोठी हाय," म्हणून तिनं माझ्याकडून बोथट टोकाची कात्री मिळवली होती.

एका दुपारी ती जुन्या कॅलेंडरचं पान कापायला बसली होती. कात्री लावली की पान दुमडायचं.

"काकी, धरा ना."

मी रांगत्या बाळाला धूत होते. "थांब गं, माझे हात खराब आहेत."

तिनं इकडेतिकडे बघितलं आणि सरळ खाटेपाशी गेली. "आजोबा, तुमी धरा."

मामंजी वळले नाहीत. तिनं पान त्यांच्या नाकासमोर नेलं. "धरा ना. दोन हात लागतात. माझा एक कात्रीत हाय."

मी मोरीतून बघत होते. मामंजी हळूहळू उठून बसले आणि डाव्या हातानं त्यांनी पान धरलं. ती जीभ बाहेर काढून कापायला लागली. कात्री वाकडी जायला लागली तसं मामंजींनी पान जरासं फिरवलं. मग आणखी जरासं. तिची कात्री सरळच चालत राहिली आणि कागद फिरत गेला. शेवटी वाटीच्या तोंडासारखा गोल तिच्या मांडीवर पडला.

"गोल झाला," ती म्हणाली. बराच वेळ ती त्या गोलाकडे बघत राहिली, मग त्यांच्या उजव्या हाताकडे. "हा हात का नाय हालवत तुमी?"

मी काहीतरी बोलणार होते, पण त्याआधी मामंजीच बोलले. शब्द जड होता, तरी कळला. "झोपलाय."

"कवा उठेल?"

"माहीत नाही."

तिनं बाळाचं दुपटं आणून त्या हातावर नीट पांघरलं आणि इतर मुलांना दटावलं, "आवाज करू नका, आजोबांचा हात झोपला हाय." मामंजींच्या छातीतून खर्र असा आवाज आला. मी ओल्या हातांनी धावत गेले, तर ते हसत होते. आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदाच.

त्यानंतर दुपारी मुलं उठायच्या आधी मामंजी उठून बसायला लागले. खाटेशेजारी चतकोर सतरंजीवर पाय पसरून बसायचे आणि एकेक मूल आपला कागद घेऊन यायचं. एकानं धरायचं, एकानं कापायचं. मग एक दिवस त्यांनी मला खुणेनं ट्रंक दाखवली. त्यात दुकानातली त्यांची मोठी कात्री होती. ती उजव्या हाताची. डाव्या हातात घेतली की पाती एकमेकांपासून लांब जातात, कापड मध्येच अडकतं. त्यांना ते ठाऊक होतंच. अंगठा आत ओढून धरायचा सराव ते कितीतरी दिवस माझ्या फाटक्या लुगड्यावर करत होते. आता कापायचे ते आणि कापड ताणून धरायची ती आठ वर्षांची मुलगी.

मासळीवालीच्या लेकीमुळे सगळी मासेच कापायची, पण कागदाचे मासे धाकट्यांच्या तोंडात विरघळायचे, म्हणून कापडाचे करू असं मामंजींनीच सुचवलं. खडूनं त्यांनी पापलेट काढलं. मासळीवालीची लेक बघून म्हणाली, "पापलेटाची शेपटी अशी नसते. ही बोंबलाची झाली." मामंजींनी निमूटपणे पुसून पुन्हा काढली. तीन वेळा पुसल्यावर तिला पटली.

सुईत दोरा ओवायला त्यांनी युक्ती काढली होती. सुई गुडघ्यावरच्या धोतरात खोचायची आणि डाव्या हातानं दोरा घालायचा. मग मोठी मुलगी टाके घालायची. माशांत भरायच्या चिंध्या फाडायचं काम गुटगुटीत भावाचं. ते तो जीव तोडून करायचा. पण शेपटीच्या अरुंद टोकात चिंधी आमच्या कोणाच्याच बोटानं जाईना. ती त्याच्याच इवल्या बोटानं गेली. तेव्हापासून सगळ्या शेपट्या भरायचा मान त्याचा. तो बोट वर करून खाटेपाशी येऊन उभा राहायचा.

असं सगळं छान चाललेलं असताना एक दिवस त्या दोघांची आई शाळेतून लवकर आली. दारातून तिनं काय बघितलं, तर एका हातानं लुळे म्हातारे गृहस्थ, त्यांच्या हातात टेबलावरच्या पंख्याच्या पात्यासारखी कात्री, आणि शेजारी तिचा धाकटा. तिनं त्याला उचलून घेतलं.

"काकू, मला वाईट बोलायचं नाही," ती बाहेर येऊन म्हणाली, पण खोली ती केवढी. "त्यांना स्वतःचा हात सावरत नाही. सुया, कात्र्या... उद्या काही झालं तर?"

आई म्हणून तिचं खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून भावंडं आली नाहीत. मामंजींनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी कात्री कापडात गुंडाळून मला ट्रंकेत ठेवायला लावली आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. मासळीवालीची लेक खाटेभोवती घिरट्या घालायची. "आजोबा, अर्ध्या माशाला पोट नाय अजून." मी जेवणाचं ताट ठेवायचे आणि तसंच उचलायचे.

माझाच धीर सुटला. एका संध्याकाळी मी त्या शिक्षिकेच्या घरी गेले. म्हटलं, "मुलांना आणू नका हवं तर. पण तुम्ही एकट्या एकदा येऊन बसा. बघा आणि मग ठरवा."

आतून तिची मुलगी म्हणाली, "आई, उठायच्या आधी सुई सुयांच्या उशीत खोचली नाही तर आजोबा काम बंद करतात. सगळ्यांचं." आई मुलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हा धाकटा रोज बोट वर करून दारात उभा राहतो. मला कळेना कशासाठी."

शनिवारी तिची शाळा लवकर सुटायची. ती दोन्ही मुलांना घेऊन आली आणि कोपऱ्यात बसली. धाकट्यानं तडक जाऊन मामंजींच्या नाकासमोर बोट धरलं. मामंजींनी आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. तिनं मान डोलावली.

मी ट्रंक उघडली. कात्री बाहेर काढण्याआधी मामंजींनी खुणेनं रांगणाऱ्याला पाळण्यात ठेवायला लावलं आणि गुटगुटीत मुलाला खाटेच्या पलीकडे चिंध्यांच्या ढिगात बसवलं. सुया उशीत मोजून घेतल्या. कापताना कोणी हलायचं नाही. कापून झालं की कात्री पुन्हा कापडात, कापड ट्रंकेत, आणि मगच धाकट्याला बोलावणं. दुकानात इतकी वर्षं शिकाऊ पोरांना त्यांनी असंच सांभाळलं असणार. मी रोज बघत होते, पण इतकं नीट माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

ती दिवेलागणीपर्यंत बसली. जाताना मामंजींना वाकून नमस्कार केला. सोमवारी मुलांबरोबर जुन्या झंपरांच्या आणि पडद्यांच्या तुकड्यांनी भरलेली एक पिशवी आली.

मासे किती झाले कोण जाणे. प्रत्येक मुलाच्या घरी गेले. मासळीवालीनं एक आपल्या पाटीच्या कडेला बांधला होता. गिऱ्हाइकं त्याचा भाव विचारतात म्हणून ती हसायची.

मामंजींचा उजवा हात काही सुधारला नाही, पण बोलणं बरंच सुधारलं. मुलांशी दिवसभर बोलून बोलूनच सुधारलं असावं. ते गेले त्याच्या आदल्या वर्षी गुटगुटीत मुलगा पहिलीत जाणार होता. मामंजींनी हट्टानं त्याच्यासाठी सदरा बेतला, डाव्या हातानं. दुकानातून आणलेल्या मशिनवर तो शिवला त्याच्या बहिणीनं, ती तोवर बरीच मोठी झाली होती. सदरा घालून तो दाखवायला आला तेव्हा मामंजींनी त्याला दोनदा गोल फिरवलं, खांद्यावरून बोट फिरवलं आणि चेहरा आंबट केला.

"डावी बाही आखूड झाली," ते म्हणाले. "काढ. उसवून देतो."

पण त्यानं काढला नाही. तसाच पळाला.