कालुंदर आणि माझी दुसरी आई

माझी सावत्र आई मला खाणार, हे अख्ख्या वाडीनं ठरवून टाकलं होतं.

आज तिची तिथी. तिचा फोटो एकही नाही, म्हणून कालुंदर माशाचा टाकलाय. कमेंटमध्ये रेसिपी विचारू नका.

एकोणीसशे पस्तीसच्या आसपासची गोष्ट, मी सहा-सात वर्षांची. आता नव्वदी उलटलीय; मी सांगतेय, नात टाईप करतेय. आई बाळंतपणात गेली, आणि वर्षाच्या आत बापानं दुसरी आणली.

नाटे गावात दिलेली आत्या मला कायमची न्यायला आली.

"सावत्र ती. गिळेल तुला. उद्या चल माझ्याबरोबर."

मला घर सोडायचं नव्हतं. पण ह्या नव्या आईची भीती वाटायची.

सकाळी ही व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, धुणं घेऊन गेली. मी मागोमाग, लांबून.

"लांब का उभी? ये, कालुंदरं बघ. पिल्लं काढलीत."

तळहाताएवढा चपटा मासा. हिरवट अंग, काळपट उभे पट्टे, वर मोती सांडल्यागत ठिपके. दिसायला देखणा, स्वभावानं तापट. पिल्लांजवळ कोण आलं की अंगावर धावतो. नर-मादी दोघं राखणीला.

पिल्लं म्हणजे नुसती वळवळती धूळ.

मादीनं तोंड उघडलं आणि घासभर पिल्लं आत घेतली.

मी किंचाळले. "खाल्लंन! पोरांना खाल्लंन!"

पळणार, तर हिनं माझा परकर धरला.

"गप. मग ओरड. आधी बघ."

मादी जरा पुढं गेली. तिथं वाळूत त्यांनीच उकरलेला खड्डा होता. त्यात तोंड उघडून पिल्लं अलगद सोडलीन. सगळी जिवंत. मग परत फिरली, उरलेली न्यायला. नर तिथंच पहाऱ्याला.

"तिला काय हात आहेत?" ही म्हणाली. "तोंडानंच उचलणार."

आणि लागली धुणं आपटायला. जास्त बोलायची सवयच नव्हती बाईला.

घरी आलो तर आत्या गाठोडं घेऊन अंगणात.

"चल गो बाय."

"मी नाय येत."

"अगो, खाईल ती तुला!"

"खाऊ दे."

आत्या तणतणत एकटीच गेली.

ही चुलीपाशी होती. सगळं ऐकलंन, पण बाहेर आली नाही. दुपारी माझ्याकडे न बघता पेज वाढलीन. गरम होती, तर आधी फुंकलीन, मग माझ्यापुढं सरकवलीन.

आये, तुझ्या पोरीचा नमस्कार घे.