पेशन्स थॉर्नलीचा गार हात

भुताखेतांवर माझा विश्वास आजही नाही... तरीही हे लिहितोय. मी पुण्याचा, सॉफ्टवेअर टेस्टिंगमधला. प्रत्येक गोष्टीला कारण असतंच, असं मानणारा.

२०१३. सिंगापूरला नवीनच होतो. चोआ चू कांगमध्ये नवव्या मजल्यावर फ्लॅट. रूममेट लग्नासाठी नागपूरला गेलेला. ऑफिस सोडलं तर माझं बोलणं फक्त शेजारच्या म्हाताऱ्या अंकल टॅनशी — तेही लिफ्टमध्ये, ‘हॅलो’पुरतं.

ताप भरला. आईला फोनवर सांगितलं, थोडी सर्दी आहे. शनिवारी दुपारी मात्र उठताच येईना. बाहेर हॉलमध्ये मोबाईल वाजून वाजून बंद पडला.

आणि पलंगाशेजारी एक गोरी बाई बसलेली दिसली. एवढ्या उकाड्यात अंगात जाड लोकरीचा करडा झगा, डोक्याला पांढरं टोपरं. लाकडाच्या धुराचा वास येत होता. तिने माझ्या कपाळावर हात ठेवला — बर्फासारखा गार.

“कुठल्या जहाजाने आलास?” तिने इंग्रजीत विचारलं.

“विमानाने.”

तिला ते कळलं नसावं. “तुझं इथे कोणी नाही?”

मला रडूच फुटलं. इतक्या महिन्यांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

“ऊठ, दार उघड,” ती म्हणाली. “बंद दाराआड माणूस गेला तरी कळत नाही.”

रांगत रांगत जाऊन कसंबसं दार उघडलं. पुढचं आठवत नाही.

अंकल टॅनना मी उंबऱ्यात पडलेला सापडलो. डेंगी होता. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले.

हॉस्पिटलमध्ये अंकल पेज घेऊन आले. मी हसत म्हटलं, “तापात काय काय दिसतं! चक्क एक टोपरंवाली गोरी बाई...”

त्यांचा चमचा हातातच राहिला. “कुठल्या जहाजाने आलास, असं विचारलं तिने?”

हे मी सांगितलंच नव्हतं.

तरुणपणी अंकल एका मालवाहू जहाजावर खलाशी होते. महायुद्धात अमेरिकेने घाईघाईत बांधलेलं ते जहाज, पुढे विकलं गेलेलं. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या इंग्रज वसाहतीतल्या पेशन्स थॉर्नली नावाच्या बाईचं नाव त्याला दिलं होतं. पहिल्याच हिवाळ्यात तिची सगळी माणसं गेली. मग ती इतरांच्या आजारपणात उशाशी बसायची. जहाजावर कोणी आजारी पडलं की ती यायची, असं अंकल म्हणाले. त्यांच्याकडेही आली होती.

“पण जहाज तर केव्हाच मोडीत गेलं ना?”

“गेलं, लाह,” ते खास सिंगापुरी ढंगात म्हणाले. “मग तिने राहायचं कुठे? माझ्याबरोबरच उतरली.”

घरी आल्यावर इंटरनेटवर शोधलं. जहाज खरं होतं, बाईसुद्धा. तिचं चित्र कुठेच नाही. ती कशी दिसायची, कुणालाच ठाऊक नाही.

तापातला भास म्हणावा, तर अंकलना तो प्रश्न कसा माहीत? त्यानंतर आम्ही रोज संध्याकाळी खाली बाकावर बसायचो. दोन वर्षांनी अंकल गेले. आता तिला पाहिलेलं, माझ्या ओळखीचं, कोणीच उरलं नाही.