फळ्या बांधणारे नाना

नवी वस्तू दिसली की नाना आधी बोटाच्या पेराने तिच्यावर ठकठक करून पाहत. माठ, कलिंगड, माझ्या खोलीतलं टेबल, कशाचीही त्यातून सुटका नव्हती. एकदा तर तपासणीला आलेल्या साहेबांच्या सोलाहॅटवरही त्यांनी ठोकून पाहिलं, आणि ती हॅट तेव्हा साहेबांच्या डोक्यावर होती. साहेब हसले म्हणून आम्ही वाचलो.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. सावद्याच्या मुलींच्या शाळेत मी मुख्याध्यापिका होते. वर्ग अपुरे पडत होते आणि माडी चढवायची तर सागवान परवडेना. कापसाच्या एका मोडलेल्या जिनातले लोखंडी गर्डर मिळाले, पण त्यांच्यावर घालायचं काय? तेव्हा साक्रीकडचे हे मिस्त्री आले. रेल्वेच्या कामावर ते सिमेंटच्या फळ्या करायला शिकले होते. शाळेमागच्या मैदानात साच्यात सळया मांडून त्यांनी एकेक फळी ओतली आणि ओल्या गोणपाटाखाली बाळंतिणीसारखी जपली. आठवड्याभरातच मुलींनी त्यांचं नाव ठेवलं, फळीनाना.

त्यांची बोली अहिराणी; 'आहे'ला 'शे' आणि 'सगळे'ला 'बठ्ठा' म्हणण्याला आमच्या मुली फिदीफिदी हसत. माझं माहेर धुळ्याचं, मला ते बोलणं ऐकून बरं वाटे. मुलींच्या हसण्याबद्दल मी एकदा ओशाळून बोलले, तर नाना म्हणाले, "भाषा नही समजनी ते चाली, बाई. फळी समजनी म्हंजे बस."

प्रत्येक फळीच्या दोन्ही टोकांना सळईची वीतभर शेपटी त्यांनी मोकळी ठेवली होती. गर्डरवर दोन फळ्या समोरासमोर टेकल्या की नाना त्या शेपट्या एकमेकींत वाकवून तारेने आवळत आणि एक आकडा गर्डरच्या काठाखाली अडकवत. मग त्यांची बायको, जिला सगळे अक्का म्हणत, त्या फटीत पातळ सिमेंट ओतून सळईने ठासून बसवी. हे काम ते दुसऱ्या कुणालाही करू देत नसत. दिवसाला चार-पाच फटी, जास्त नाही.

शाळा समितीच्या अध्यक्षांना हे हळूहळू चालणं सोसेना. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. केळीचे मोठे बागाईतदार, शाळेवर जीव, पण घाई नाकाच्या शेंड्यावर. फळ्या सगळ्या मांडून झालेल्या पाहून त्यांनी उद्घाटनाचा दिवस ठरवून टाकला आणि पाहुण्यांना पत्रं धाडली. त्या सकाळी वर सतरंज्या अंथरल्या गेल्या. दीडशे मुलींची कवायत तिथेच व्हायची होती. नाना जिन्याच्या वरच्या पायरीवर आडवे हात करून उभे राहिले.

"अर्ध्या फळ्या बांधायन्या बाकी शेतस. बठ्ठा खाले उतरा."

"एकेक फळी चढवायला चार माणसं लागली," आबा कडाडले. "ती काय उडून जाणार आहे?"

"उडाव नही. सरकी."

असं म्हणून नानांनी पहार उचलली, एका न बांधलेल्या फळीच्या कडेला लावली आणि एका हाताने दाबली. कर्रर्र आवाज करत फळी दोन बोटं सरकली. फटीतून खालच्या वर्गातला फळा दिसला.

"हाई फळी अजून पाहुनी शे, आबा. बांधी म्हंजे घरनी व्हई."

"म्हणजे आता कार्यक्रम मोडायचा?"

माझी नोकरी आबांच्या हातात होती. तरी मी म्हणाले, "मोडायचा कशाला? खाली मैदानात करू. वर मी मुलींना पाठवणार नाही."

आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या फटीकडे. जिन्यात थांबलेल्या कवायतीच्या पहिल्या रांगेत त्यांची नात उभी होती. त्यांनी वाकून सतरंजीचं एक टोक उचललं आणि ओरडले, "चला गं, धरा दुसरीकडून!"

कार्यक्रम मैदानात झाला, आणि छान झाला. पाहुण्यांना वाटलं, आधीपासून तसंच ठरलं होतं. पुढच्या पंधरवड्यात नानांनी शेवटची फट बुजवली. सांधे ओलसर राहून पक्के व्हावेत म्हणून अक्कांनी वर ओली माती पसरली, ती वाळल्यावर झाडून काढली, आणि दोघं साक्रीला गेली. निघताना आबांनी नानांना केळीचा अख्खा घड दिला. तो खांद्यावर घेऊन स्टेशनकडे जाणारे नाना, ती माझी शेवटची भेट.

दोन वर्षांनी थंडीत अक्का एकट्याच आल्या. नाना पावसाळ्यात तापाने गेले होते. एवढं सांगायला त्या सावद्यापर्यंत आल्या होत्या. मी त्यांना वर नेलं. मुलींचा फुगडीचा तास चालू होता आणि सगळी माडी दणदणत होती. अक्का दारातच थांबल्या. मग हळूच एका सांध्यावर पाऊल ठेवून म्हणाल्या, "हाई मी भरेल शे."

एका धीट मुलीने विचारलं, "अक्का, तुम्हाला फुगडी येते?"

मला कसंसंच झालं. अक्कांनी मात्र डोळे पुसले, पदर कमरेला खोचला आणि त्या मुलीला सोडून माझेच हात धरले. मुली भिंतीला सरकल्या. मुख्याध्यापिका झाल्यापासून मी फुगडी घातली नव्हती. त्या दिवशी दम लागेपर्यंत घातली.