छबूबाईनं सांगितलेला पिक्चर

सांगवीत पिक्चर बघणारे पुष्कळ आहेत, पण पिक्चरवर मत द्यावं ते छबूबाईनंच. वय पासष्टीच्या पुढं. दिवसभर बायांबरोबर वांग्या-टोमॅटोच्या रानात खुरपणी, आणि संध्याकाळी भाकरी उरकल्या की नात प्रगती तिला मोबाईलवर पिक्चर लावून द्यायची. तो संपला, किंवा मधेच डोळा लागायला आला, की छबूबाई मोबाईल तोंडापाशी धरून खुरपणीच्या बायांच्या ग्रुपवर आपलं मत बोलून टाकायची. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण बोलायला ती कुणाच्या बापाला भ्यायची नाही.

नटाचं नाव तिनं कधी घेतलं नाही, पिक्चरचंही नाही. पडद्यावरची माणसं जणू वरच्या आळीला राहायला आली आहेत, असं तिचं बोलणं. एका भुताच्या पिक्चरवर म्हणाली होती, "येवढा मोठा बंगला, आन जिन्यात एक बलप लावाया न्हाय? भूत येणार न्हाय तर काय!" एका मारामारीवाल्या हिरोवर तर ती आठवडाभर चिडून होती. "सारा बाजार मोडला मुडद्यानं. त्या भाजीवालीचं नुसकान कोण देणार?" आणि प्रत्येक मताचा शेवट ठरलेला असायचा, "सगळं खोटं गं बायांनो. आसं कुठं आसतं व्हय?" एवढं आलं की पलीकडून बायांच्या हसण्याच्या रेकॉर्डिंगा सुरू व्हायच्या.

यंदा प्रगतीचं लग्न ठरलं. स्थळ इंदापूरकडचं, बागायती घर, मुलगा रणजित पुण्यात नोकरीला. साखरपुडा दणक्यात झाला, पत्रिका छापून आल्या. मुलाची आई जयवंताबाई मोठी हौशी. तिनं दोन्हीकडच्या पाहुण्यांचा ग्रुप काढला आणि छबूबाईलाही त्यात घेतलं. मग जेजुरीला जाऊन पहिली पत्रिका देवापुढं ठेवली आणि ग्रुपला फोटो लावला भंडाऱ्यानं पिवळ्याधमक झालेल्या खंडोबाचा. भक्ती चांगलीच म्हणायची. पण खुरपणीच्या ग्रुपवरही खंडोबाच होता, बाया सोमवतीला जेजुरीला जाऊन आल्या तेव्हापासून. आणि छबूबाई ग्रुप ओळखायची ती फोटोवरून!

त्या संध्याकाळी पिक्चर निम्मा झाला तेव्हा छबूबाई रागानं लाल झाली होती. तिनं खंडोबा शोधला, अंगठा दाबून धरला आणि सुटली.

"काय तरी माणसं आसत्यात बया! पोरानं शेरात आदीच लगीन केलंय, संसार थाटलाय. त्याच्या आईला सगळं ठावं हाय. आन तरी ही भवानी दुसऱ्या पोरीला हळद लावाया निघाली! वरनं कशी गोड गोड बोलती. माझ्या म्होरं आली तर झिंज्या उपटीन तिच्या. पोरीचा बाप बी आंधळा, ना इचारपूस ना काय. सगळं खोटं गं बायांनो. आसं कुठं आसतं व्हय?"

त्या दिवशी कुणी हसलं नाही. दमल्या असतील बाया, असं म्हणून ती पुढचा पिक्चर बघत आडवी झाली.

सकाळी प्रगतीच्या किंकाळीनं घर उठलं. "आज्जे, हे कुठं टाकलंस तू?"

छबूबाईचा मुलगा सोपान एमआयडीसीतल्या दूध प्लांटवर पहिल्या पाळीला निघाला होता. मोटरसायकलला किक मारायची तशीच ठेवून तो घरात आला आणि उभ्यानं आईचा आवाज ऐकला. झिंज्यांपर्यंत आल्यावर तो मटकन खाली बसला.

"आई, इंदापूरच्या सगळ्यांनी ऐकलंय हे."

"आरं, पिक्चरमधल्या बाईला म्हनले मी!"

"त्यास्नी काय सपान पडलंय पिक्चरचं? लगीन मोडलं म्हन आता."

सोपाननं फोनवर फोन लावले. तिकडून कुणी उचलेना. प्रगती भिंतीला टेकून उभी होती. तिनं हळदीची साडीसुद्धा स्वतः निवडून आणली होती. नातीचं ते तोंड छबूबाईला बघवेना. आपल्याच जिभेनं आपल्या पोरीचं वाटोळं केलं, एवढं एकच तिच्या मनात घुमत होतं. इंदापूरला जायचं, जयवंताबाईचे पाय धरायचे, असं तिनं ठरवलं आणि धुतलेलं लुगडं नेसायला घेतलं.

तेवढ्यात दारात गाडी वाजली. जयवंताबाई एकटीच उतरली. चेहरा पांढराफटक, डोळे सुजलेले. छबूबाई हात जोडून पुढं झाली. "जयवंताबाई, चुकलं माझं..."

जयवंताबाईनं वाकून तिचेच पाय धरले.

"तुमचं काय चुकलं, आजी? आमीच पाप केलं. पर तुमाला सांगितलं कुणी? पुण्यातल्या त्या पोरीनं फोन केला का?"

छबूबाईला काही उमगेना. कोणती पोरगी? कसला फोन? जयवंताबाई मात्र रडत रडत बोलतच राहिली. रणजितनं कोर्टात लग्न केलेलं आहे, ती पोरगी आपल्यातली नाही, हळद लागली की गडी ताळ्यावर येईल असं वाटलं, चार लोकांत नाक कापलं गेलं असतं. "रातभर तुमचा आवाज ऐकत बसले. एकेक शबूद खरा हाय, आजी. झिंज्या उपटायच्या तर उपटा."

छबूबाई मुळापासून हादरली होती. काल ज्या बाईला तिनं पोटभर शिव्या दिल्या, ती पडद्यातून उतरून तिच्याच पायाशी बसली होती. आणि काल ती बोलली नसती तर?

"उठा," ती कशीबशी म्हणाली. "त्या पुण्यातल्या पोरीला घरी न्या. आन हितं परत येऊ नगा."

गाडी गेली. प्रगती आजीच्या शेजारी येऊन बसली.

"आज्जे, त्या पिक्चरमधल्या पोरीचं पुढं काय झालं?"

"मी पुरता न्हाय बघितला, बाळा. अक्षता पडल्या, आन माझा डोळा लागला."

"म्हंजे तिला कुणी सांगितलंच न्हाय?"

छबूबाईनं मान हलवली. मग प्रगती आजीच्या मांडीत तोंड खुपसून रडली, आणि छबूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

दुपारी खुरपणीच्या बायांची रेकॉर्डिंग आली, "छबूबाई, कालचा पिक्चर सांगितला न्हाईस गं!" नातीला दोनदा विचारून तिनं बरोबर खंडोबा उघडला. पिक्चरमधलं पोरगं सांगितलं, त्याची आई सांगितली, आंधळा बाप सांगितला.

"सगळं खोटं गं बायांनो," ती सवयीनं म्हणाली. "आसं कुठं..."

पुढचे दोन शब्द काही केल्या तिच्या तोंडातून निघेनात. अंगठा सुटला, आणि तेवढंच गेलं.