ओढून पाहिलेली माईकची वायर

बायकोला विहारातल्या कार्यक्रमात पहिल्यांदाच एकटीनं गायचं होतं. इतकी वर्षं ती बायांच्या घोळक्यात, मागच्या रांगेतून गात आली. आता चार कडव्यांचं अख्खं गाणं तिचं. त्यात विहाराची जुनी माईकची वायर उंदरांनी कुरतडलेली. नवी आणायचं काम माझ्याकडे आलं. आठवड्यातून दोनदा मी गाडीनं भंडाऱ्याला जातो, एवढीच माझी पात्रता.

दुकानदारानं दोन वायरी पुढे टाकल्या. एक बारीक, मळकट काळी, हातात लुळी पडणारी. दुसरी अंगठ्याएवढी जाड, चकचकीत, आणि वर स्वस्त.

"भाऊ, जाडीवर जाऊ नका," तो म्हणाला. "बारकीच्या आत तारेची दाट जाळी आहे, घरघर येत नाही. पिन खोलते, आतला सोल्डरचा टाका तुटला तर पुन्हा मारता येते. जाडीले नुसतं रबर आहे, अन् पिन पॅकबंद."

"आमी शेतकरी माणसं," मी म्हणालो. "आमाले दोर समजते."

आणि पोळ्याच्या बाजारात बैलाचा दोर पारखावा तशी मी जाड वायर पारखली. एक टोक बुटाखाली दाबलं, दुसऱ्याला दोन्ही हातांनी हिसका दिला. तुटली नाही. खात्रीसाठी आणखी दोन हिसके दिले.

"भाऊ, तिले बैल नाही बांधायचा," दुकानदार म्हणाला. ते मी ऐकलंच नाही असं दाखवून पैसे दिले.

कार्यक्रमाच्या दुपारी विहार गच्च भरलेला. बायकोनं माईक हातात घेतला आणि भोंग्यातून 'घुंऽऽ' असा आवाज आला. पहिल्या दोन ओळी घरघरीतूनच निघाल्या. तिसरीला नुसतेच ओठ हलताना दिसले.

"आवाज!" पुढच्या रांगेतला म्हातारा ओरडला.

तिनं माझ्याकडे पाहिलं. तसं तिनं लग्नातही पाहिलं नव्हतं.

मी स्टेजखालच्या आवाजाच्या मशीनकडे धावलो. वायर पिनेपाशी वर वाकवून दाबली की आवाज येई. सोडली की गेला. खोलून पाहावं तर पिन पॅकबंद! माझ्याच हिसक्यांनी आतला टाका तुटला होता. मग मी तिथेच उकिडवा बसलो, दोन्ही हातांनी वायर धरून. पायाला मुंग्या आल्या. एक खरा मुंगळाही आला, पोटरीला कडकडून चावला. मी हललो नाही.

आणि बाई गायली! तिसऱ्या कडव्याला तर घरघरही ऐकू येईना, एवढा आवाज लावला. चौथं संपलं तेव्हा विहारभर टाळ्या.

खाली उतरल्या उतरल्या ती म्हणाली, "साऱ्या गावानं टाळ्या वाजवल्या, तुमीच काहून नाही वाजवल्या?"

मी हातातली वायर दाखवली. तिनं ती हातात घेऊन तोलली.

"माह्या गाण्यासाठी हे आणलं? पुढच्या वेळी मी येतो दुकानात."

आली. बारकी वायर मागितली, पिन खोलून घेतली, आतली जाळी उजेडात धरून पाहिली. दुकानदार माझ्याकडे बघत होता, मी पंख्याकडे.

पुढच्या कार्यक्रमात मी पहिल्या रांगेत, दोन्ही हात मोकळे. इतका आतुर होतो, की तिसरं कडवं अर्ध्यावर असतानाच टाळ्या सुरू केल्या. एकट्यानंच.