अंगणातली विहीर

माझे वडील अकोटजवळच्या आमच्या गावात मास्तर होते. मी लहान असताना त्यांनी गावची विहीर सगळ्यांसाठी खुली केली. खालच्या वस्तीतल्या एका बाईनं ओढलेलं पाणी ते चारचौघांत ओंजळीनं प्यायले. ही गोष्ट मी मुलीला अकोल्याच्या घरी कितीदा तरी सांगितली. त्यातूनच ती कायद्याकडे वळली. अमरावतीला शिकते. पाणवठ्यांचे लढे, मंदिरप्रवेश, अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी बसवर घातलेला बहिष्कार, सुट्टीत घरी आली की ताटावर हेच विषय. "आजोबांचं काम मी कोर्टात करीन," म्हणायची, आणि मी सुखावायचो.

या दिवाळीत ती प्रकल्पासाठी गावी निघाली. "बाबा, तुमी पण चला."

"मले काम आहे," म्हणालो. काम नव्हतं.

संध्याकाळी एसटीनं परतली आणि मोबाइल माझ्यापुढे ठेवला. खालच्या वस्तीतल्या एका म्हातारीचा आवाज होता.

"तुये आजे भले मानूस होते माय. आमच्या हातचं पानी पेले. खोटं कायले बोलू?"

"मंग आजी?"

"मंग काय! उन्हाळा सरला नाई तं तुमच्या आंगनात विहीर खंदली. तुमचं पाहून पाटलानं खंदली, मंग समद्याइनं. आमाले विहीर भेटली, अन् तुमाले आमची तोंडं पाहाचं काम नाई राह्यलं." म्हातारी हसली. रेकॉर्डिंगमध्ये मुलीचं हसू नव्हतं.

"बाबा, तुमाले हे माहीत होतं?"

माहीत होतं. त्या विहिरीची काळी माती मीच टोपल्यानं बाहेर टाकली होती. पाणी लागलं तेव्हा आईनं नारळ फोडला आणि म्हणाली, "सुटलो बाई. आता तिकडं जाचं काम नाई." वडील शेजारीच उभे होते. त्यांनी खोबऱ्याचा तुकडा घेतला आणि तोंडात टाकला.

"मी लहान होतो तेव्हा," मी म्हणालो.

"आता तं नाही ना?"

ती दुसऱ्या दिवशीच अमरावतीला गेली. प्रकल्पाचा विषय तिनं बदलला. आता बँकेची परीक्षा देईन म्हणते, तेही तिच्या आईला. माझ्याशी फोनवर जेवलात का, एवढंच. तिनं भांडावं असं फार वाटतं.

परवा पाहुणे आले होते. भिंतीवरचा वडिलांचा फोटो पाहून त्यांनी विचारलं, तशी मी गोष्ट सुरू केली. विहीर खुली केली, पाणी प्यायले, इथवर आलो. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली होती. पाहुणे म्हणाले, "असे माणसं आता कुठं?"

मी मान हलवली आणि चहाचं पाहा म्हणालो.