पाऊस नळावर गेला

मुलांनी मनमोकळं बोलावं, या विषयावर एक साहेब दिवसभर बोलले आणि आम्हा शिक्षकांना एकदाही तोंड उघडू दिलं नाही. या प्रशिक्षणाचं नाव 'नाटकातून शिक्षण'. निघताना हातात एकेक छापील नाटुकलं ठेवलं. माझ्या वाट्याला जलचक्र आलं.

गारखेड्यातल्या आमच्या शाळेत हप्त्यातून एकदा वर्ग अर्धा रिकामा असायचा. सुट्टी कसली, नळाला पाणी यायचं! माझ्या पाचवीतली एक पोरगी त्या दिवशी हमखास गैरहजर. आई धुण्याभांड्याला जाते, मग नळाखाली घागर कोण धरणार? मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, तिला 'पाहुणी' म्हणायच्या. त्यांना वाटायचं, फार मोठा विनोद केला.

ते नाटुकलं शाळेच्या कार्यक्रमात साहेबांसमोर करून दाखवायचं होतं. मी त्या पाहुणीलाच पाऊस केलं.

"ऐनवेळी तोंडघशी पाडील ती तुम्हाला," मोठ्या बाई तिच्यासमोरच म्हणाल्या.

"नाय बाई, येते मी," पोरगी म्हणाली. "पाणी कार्यक्रमाच्या आधी येऊन जातंय. मला काढू नका."

छापील पाऊस म्हणायचा, "मी वर्षाराणी, अवनीला तृप्त करण्यास आले." आता हे कोणाच्या बापाला कळणार? तालमीत पोरगी हात उडवून ओरडली, "आले गं बायांनो, भांडे काढा!" वर्ग खो खो हसला. आणि ढग झालेल्या ज्या पोराला वर्षभर बाष्पीभवन पाठ होत नव्हतं, तोच विचारायला लागला, "बाई, पण मी वर जातो कसा?" त्यानंतर पाण्याचा दिवस सोडला तर पोरगी रोज घंटेच्या आधी शाळेत हजर.

कार्यक्रमाच्या दिवशी साहेब आले, हार आले आणि पाणीही आलं. आमच्या नळाला वेळेची फार कदर! बातमी पोचली तशा पोरांच्या आया भराभरा उठून घरी पळाल्या. पोरगी तर आलीच नव्हती.

रंगमंचावर सूर्य तापला, ढग बाकावर चढला आणि तिथंच थांबला. मोठ्या बाईंनी दातओठ खात दुसऱ्या एका मुलीला निळी ओढणी गुंडाळली आणि पुढं ढकललं. ढग पाहुणीच्याच गल्लीतला.

"नाय," तो म्हणाला. "आमचा पाऊस पाणी भरून येतोय."

साहेबांनी घड्याळ बघितलं, मुलांच्या उत्स्फूर्ततेचं कौतुक केलं आणि नारळ घेऊन गेले. मोठ्या बाईंनी ती ओढणी माझ्या हातात कोंबली. एवढं मनमोकळं बोलणं त्यांना अपेक्षित नसावं.

ती आली तेव्हा शिपाईमामा खुर्च्या रचत होते. फ्रॉक चिंब, दम लागलेला. मला वाटलं, आता रडणार.

"बाई, पाऊस कोणी केला?"

"कोणीच नाही."

"मंग माझं राहिलंय की अजून!"

मला भरून आलं आणि संतापही आला; कोणाकोणाचा ते सांगत बसत नाही. "मामा, खुर्च्या मांडा परत," मी म्हटलं.

"आता कोणासाठी?" मोठ्या बाई दारातून कडाडल्या.

त्यांच्या मागून पाणी भरून झालेल्या आया ओल्या पदरानं आत शिरत होत्या. ढग परत बाकावर चढला. पोरगी मधोमध आली आणि हात उडवून ओरडली, "आले गं बायांनो, भांडे काढा!"

मागून तिची शेजारीण ओरडली, "भरले गं माय समदे! आता तू नुसती पड!"